पातळपणाची किंमत : लॅपटॉप निवडताना जाणून घ्यावे असे काही

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने निघाले की शहर मागे पडते न पडते तोच रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच धुराडी दिसू लागतात. हा सिलतऱ्याचा औद्योगिक परिसर. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलाद वितळविणारे कारखाने, रोलिंग मिल, वीजनिर्मितीचे संच आणि वजनकाट्यापुढे ताटकळणाऱ्या मालमोटारींच्या रांगा हे येथील नित्याचे दृश्य. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. सकाळी पुसून स्वच्छ केलेल्या टेबलावर दुपारी बोट फिरविले, तर बोटाला काळसर भुकटी लागते. या परिसरातील प्रत्येक कार्यालयात, काट्याच्या खोलीपासून ते व्यवस्थापकाच्या दालनापर्यंत, आज लॅपटॉप पोहोचला आहे. वातानुकूलित दुकानात काचेआड मांडलेले ते देखणे यंत्र या उन्हात आणि या धुळीत कसे वागते, हा प्रश्न मात्र खरेदी करताना क्वचितच विचारला जातो.

रायपूर आणि परिसरात पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक कुटुंब नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावे. वडील सिलतरा येथील दोन-तीन लहान कारखान्यांचे हिशेब पाहतात. मुलगी रायपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकतीच दाखल झाली आहे. दोघांनाही लॅपटॉप घ्यायचा आहे. प्रत्येकी साठ हजार रुपयांची तरतूद आहे आणि त्यातील मोठा भाग हप्त्यांनी फेडावयाचा आहे. वडिलांना दुकानातील सर्वांत सडपातळ यंत्र मनापासून आवडले आहे. मुलीसाठी मात्र ‘शिक्षणाला दणकट हवा’ म्हणून जाड आणि वजनदार यंत्र पाहून ठेवले आहे. हा बेत बरोबर आहे की नेमका उलटा आहे, हे ठरविण्यासाठी लॅपटॉपचा पातळपणा येतो कोठून आणि त्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे समजून घ्यावे लागेल.

जाडी कमी झाली ती कशी?

१९८५ साली तोशिबा कंपनीने टी-११०० हा सोबत नेता येण्याजोगा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याचे वजन सुमारे चार किलो होते. पुढील वीस वर्षांत वजन आणि आकार घटत गेले, परंतु काही अवयवांनी जाडीला खालची मर्यादा घालून दिली होती. बॅटरीत वापरले जाणारे नळकांडीच्या आकाराचे लिथियम-आयन सेल १८ मिलिमीटर व्यासाचे असत. हार्ड डिस्क साधारणपणे साडेनऊ मिलिमीटर जाड असे. सीडी-डीव्हीडी चालविणाऱ्या खणाला त्याची स्वतंत्र जागा लागे. हे सारे एका पेटीत बसवावयाचे म्हटल्यावर ती पेटी जाड होणारच.

जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी कार्यालयीन टपालाच्या लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखविला. सर्वांत जाड ठिकाणी १.९४ सेंटिमीटर, सर्वांत पातळ कडेला अवघा ०.४ सेंटिमीटर आणि वजन १.३६ किलो! त्या लिफाफ्याची चर्चा जगभर झाली. त्या यंत्रातून काय वगळले गेले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. त्यात डीव्हीडीचा खण नव्हता, नेटवर्कची तार जोडण्याची सोय नव्हती, यूएसबीची जोडणी एकच होती, बॅटरी ग्राहकाला सहज बदलता येत नव्हती आणि मेमरी मुख्य पट्टीवर डाक देऊन कायमची बसविलेली होती. २०११ मध्ये इंटेल कंपनीने ‘अल्ट्राबुक’ ही कल्पना मांडली आणि हाच मार्ग इतर उत्पादकांचाही राजमार्ग झाला.

म्हणजेच पातळपणा ही अवयव काढून, दाबून किंवा कायमचे चिकटवून साधलेली बचत आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर जमेच्या बाजूला पातळपणा लिहिला की खर्चाच्या बाजूला काही ना काही नोंदवावे लागतेच. तो खर्च कोणत्या खात्यावर पडतो, हे आता क्रमाने पाहू.

पहिले खाते : उष्णता

लॅपटॉप जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. सडपातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर सामान्यतः १५ ते २८ वॉटच्या घरातला असतो आणि ही सारी उष्णता नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. तांब्याची एक चपटी नळी ती उष्णता उचलून कडेच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेते आणि लहानसा पंखा त्या पत्र्यांवरून हवा ढकलून ती बाहेर टाकतो. यंत्र पातळ केले की पंख्याची पाती बुटकी होतात, पत्र्यांची उंची घटते आणि हवेची वाट अरुंद होते. तेवढीच हवा ढकलण्यासाठी पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून आवाजही वाढतो.

येथे एक साधे गणित उपयोगी पडेल. उष्णता बाहेर टाकण्याचा वेग हा गरम वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. समजा, प्रोसेसरला ९५ अंशांपर्यंत तापण्याची मुभा आहे. दुकानातील हवा २५ अंशांची असेल तर फरक ७० अंशांचा. सिलतऱ्यातील पंख्याखालच्या खोलीत हवा ४२ अंशांची असेल तर फरक उरतो ५३ अंशांचा. यंत्र तेच, पंखा तोच. पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटली.

पंखा नसलेल्या यंत्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथे उष्णता बाहेर पडते ती यंत्राच्या पृष्ठभागातून, आणि पृष्ठभाग तर हाताला चटका बसेल इतका तापू देता येत नाही. ती मर्यादा ४६ अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत फरक २१ अंशांचा मिळतो. ४२ अंशांच्या खोलीत तो अवघा ४ अंशांवर येतो. क्षमता चौथाईनेच नव्हे, तर चार-पंचमांशाहून अधिक घटते!

यंत्र यावर स्वतःचा उपाय स्वतःच करते. तापमान मर्यादेजवळ पोहोचले की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. जाहिरातीत ठळकपणे छापलेला वेग हा बहुधा थोड्या काळापुरता गाठता येणारा असतो. तासन् तास चालणाऱ्या जड कामात टिकणारा वेग निराळा असतो. पत्रलेखन, ई-मेल, हिशेबाच्या नोंदी यांना हा फरक फारसा जाणवत नाही. चित्रफितींचे संपादन किंवा अभियांत्रिकीतील त्रिमितीय आराखडे अशा कामांत तो ठळकपणे जाणवतो. अनेक उत्पादक आपल्या लॅपटॉपसाठी ३५ अंशांपर्यंतचे भोवतालचे तापमान योग्य मानतात आणि तसे माहितीपत्रकात लिहितात. आपल्याकडील एप्रिल-मे-जूनमधील दुपार ही मर्यादा सहज ओलांडते. केवळ रायपूरच नव्हे, तर नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव येथील ग्राहकांनीही ही ओळ वाचल्याखेरीज खरेदी करू नये.

दुसरे खाते : धूळ

पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर धूळही ओढतो. पातळ यंत्रात पत्र्यांमधील फटी अतिशय बारीक असल्याने तेथे धुळीचा थर लवकर जमतो. हवेची वाट बुजली की यंत्र तापते, पंखा जोरात फिरतो आणि जोरात फिरणारा पंखा आणखी धूळ ओढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

सिलतऱ्यातील धुळीचा एक विशेष आहे. स्पंज आयर्न म्हणजे लोहखनिजातील प्राणवायू कोळशाच्या साह्याने काढून घेऊन मिळविलेले सच्छिद्र लोखंड. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या मिश्रणातून हे लोखंड आणि उरलेला कोळसा वेगळे करण्यासाठी कारखान्यांत चुंबकाचाच वापर होतो. साहजिकच या परिसरातील धुळीत लोहाचे आणि कोळशाचे सूक्ष्म कण असतात. लॅपटॉपच्या ध्वनिवर्धकांत आणि पुष्कळदा झाकणाच्या कडेलाही लहान चुंबक असतात. लोहकण तेथे चिकटून बसतात. शिवाय घरगुती धूळ विजेची वाहक नसते. धातूचे कण मात्र वाहक असतात. मुख्य पट्टीवरील अगदी जवळजवळ असलेल्या जोडण्यांवर असे कण ओलाव्यासह साचले, तर यंत्राला इजा होण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात साचलेली धूळ पावसाळ्यात त्रास देते, ती यामुळेच.

येथे खरा पेच उभा राहतो. पंखा ठेवावा तर धूळ आत येते. पंखा काढावा तर ४२ अंशांच्या खोलीत उष्णता बाहेर जात नाही. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ अशी ही अवस्था. यातून सुटण्याचा खराखुरा मार्ग एकच, तो म्हणजे मुळात उष्णताच कमी निर्माण करणारा प्रोसेसर. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने आपल्या एम-१ या प्रोसेसरसह आणलेला मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालत होता आणि तरीही त्याचा वेग दैनंदिन कामांना पुरून उरत होता. त्यानंतर इतर उत्पादकांनीही कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरांकडे अधिक लक्ष वळविले. ज्यांचे काम हलके आहे आणि परिसर धुळीचा आहे, त्यांच्यासाठी पंखा नसलेले किंवा क्वचितच पंखा फिरवावा लागणारे यंत्र वरदान ठरू शकते. जड काम करणाऱ्याने मात्र आपल्या खोलीचे तापमान पाहूनच त्याचा विचार करावा.

तिसरे खाते : बॅटरी

बॅटरीची साठवण ‘वॉट-तास’ या एककात मोजतात. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी १० वॉट वीज घेणारे यंत्र असेल, तर पाच तास काम होईल. एवढा हिशेब प्रत्येकाला करता येतो आणि ‘दिवसभर चालणारी बॅटरी’ या शब्दांपेक्षा तो अधिक विश्वासार्ह असतो. पातळ यंत्रात नळकांडी सेलच्या ऐवजी चपट्या पाकिटासारखे सेल वापरतात. त्यांना धातूचे कठीण आवरण नसते. त्यामुळे जागा आणि वजन वाचते. परंतु जुनी झालेली किंवा सतत तापलेली बॅटरी फुगली, तर ती आतून टचपॅडला किंवा कळफलकाला उचलू लागते. टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर यंत्र त्वरित बंद करून जाणकाराकडे न्यावे. ती बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये.

लिथियम-आयन बॅटरीचे दोन शत्रू आहेत : उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था. तापलेल्या कार्यालयात दिवसभर विजेला जोडून ठेवलेल्या यंत्रात हे दोन्ही एकत्र येतात. म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय दिलेली असते. तिचा वापर करण्यास पैसा लागत नाही. बॅटरीचे आयुष्य मात्र वाढते. विमानप्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रवाशांच्या बॅटरीसाठी सामान्य मर्यादा १०० वॉट-तासांची आहे आणि सुटी बॅटरी हातातील सामानातच ठेवावी लागते. लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता सहसा या आकड्यापलीकडे न जाण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

चौथे खाते : कळफलक आणि जोडण्या

कळफलकाची कळ दाबल्यावर ती किती खाली जाते, यावर बोटांचे सुख अवलंबून असते. जुन्या लॅपटॉपमध्ये हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असे. आजच्या पातळ यंत्रांत ते एक ते दीड मिलिमीटर असते. २०१५ मध्ये अ‍ॅपलने त्याहूनही उथळ, ‘फुलपाखरू’ म्हणून ओळखला जाणारा कळफलक आणला. धुळीचा एखादा कण आत गेला तरी त्याच्या कळा अडकतात किंवा अक्षर दोनदा उमटते, अशा तक्रारी वाढल्या. जून २०१८ मध्ये कंपनीला निःशुल्क दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीपासून जुन्या पद्धतीच्या कळा परत आणल्या गेल्या आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच कंपनीने २०२१ मध्ये आपले व्यावसायिक वापराचे लॅपटॉप पूर्वीपेक्षा किंचित जाड केले आणि काढून टाकलेल्या काही जोडण्या पुन्हा दिल्या. अर्धा-एक मिलिमीटरचा मोह किती महाग पडू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जोडण्यांचेही तसेच. नेटवर्कच्या तारेची खोबण सुमारे १२ मिलिमीटर उंचीची असते. जेथे यंत्राची खालची बाजूच त्याहून पातळ आहे, तेथे ती बसणार कोठे? नेहमीच्या यूएसबीची जागा लहान आणि चपट्या ‘टाइप-सी’ जोडणीने घेतली, तीही याच कारणाने. टाइप-सी चांगलीच आहे. मोबाईल आणि लॅपटॉप एकाच चार्जरवर चालू शकतात, ही सोय लहान नव्हे. परंतु हिशेबनिसाचे जग अजून जुन्या यूएसबीवर चालते. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, छपाईयंत्र, पेन ड्राइव्ह, काट्याच्या खोलीतील नेटवर्कची तार हे सारे जोडण्यासाठी वेगळा जोडखंड सोबत बाळगावा लागतो. विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी तो जोडखंडच घरी राहिला, तर दोष कोणाला द्यावयाचा? शिवाय १३-१४ इंची यंत्रांत उजव्या बाजूचा आकड्यांचा स्वतंत्र गट बहुधा नसतो. दिवसाकाठी शेकडो आकडे टिपणाऱ्याला त्याची उणीव पदोपदी भासते.

पाचवे खाते : दुरुस्ती

पूर्वी लॅपटॉप मंदावला की तळाची झडप उघडून मेमरीची नवी पट्टी बसविता येत असे. आज पुष्कळ पातळ यंत्रांत मेमरी मुख्य पट्टीवर कायमची जडविलेली असते. घेताना ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच! मेमरीच बिघडली तर अख्खी मुख्य पट्टी बदलण्याची वेळ येते. बॅटरी गोंदाने चिकटविलेली असेल, तर ती काढणे हेही जाणकाराचेच काम. मोठ्या शहरात अधिकृत सेवा केंद्र हाकेच्या अंतरावर असते. औद्योगिक वसाहतीत किंवा तालुक्याच्या गावी ते तसे नसते आणि यंत्र दुरुस्तीला गेले की काम थांबते.

या बाबतीत वारे किंचित बदलत आहेत. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’संबंधी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१ पासून सुटे भाग ग्राहकाला स्वतः बदलता येतील असे सडपातळ लॅपटॉप विकून, पातळपणा आणि दुरुस्ती यांचे हाडवैर असलेच पाहिजे असे नाही, हे दाखवून दिले. ग्राहकांनी विचारणा केली तरच उत्पादक अशा सोयींकडे लक्ष देतील, हे वेगळे सांगावयास नको.

कर्जतच्या शाळेतील लॅपटॉप

याच प्रश्नाला अगदी निराळे उत्तर देणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला होता. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील एक्सओ नावाचे यंत्र २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या एका लहानशा खेड्यातील शाळकरी मुलांच्या हाती देण्यात आले. या यंत्राच्या आखणीत पातळपणाला स्थानच नव्हते. ते सुमारे तीन सेंटिमीटर जाड आणि दीड किलोच्या आसपास वजनाचे होते. त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. कळफलकावर रबराचा अखंड पापुद्रा होता, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. दोन बाजूंचे कानासारखे अँटेना मिटले की जोडण्यांची तोंडे झाकली जात. मुख्य पट्टी पडद्यामागे बसविलेली असल्याने उष्णता हाताखाली साचत नसे. पडदा भर उन्हातही वाचता येई. इतकेच नव्हे, तर दुरुस्तीसाठी लागणारे जादा स्क्रू मुठीतच ठेवलेले होते.

या सर्व सोयींची किंमत वेगात मोजावी लागली. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, त्या काळाच्या मानानेही संथ होता. शंभर डॉलरचे उद्दिष्ट ठेवलेल्या या यंत्राची किंमत प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट झाली आणि भारतात त्याचा प्रसार झाला नाही. तरीही त्याने एक गोष्ट सिद्ध केली. यंत्र कोठे वापरले जाणार आहे हे आधी ठरविले, तर त्याची आखणी मुळापासून बदलते. पातळ, वेगवान, थंड आणि स्वस्त या चारही गोष्टी एकाच यंत्रात पूर्णांशाने मिळत नाहीत. काय सोडावयाचे, हे कर्जतच्या यंत्रात मुलांची गरज पाहून ठरले. दुकानातील यंत्रात ते ग्राहकाने ठरवावयाचे असते.

हिशेबाची बाजू

लॅपटॉप ही झपाट्याने मूल्य गमावणारी मालमत्ता आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरलेले आहे. आयकराच्या नियमांत २०१७-१८ पासून संगणकावरील घसाऱ्याचा दर ४० टक्के ठेवण्यात आला. साठ हजारांच्या यंत्राची घसरती किंमत या दराने पहिल्या वर्षाअखेर ३६,०००, दुसऱ्या वर्षाअखेर २१,६०० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १२,९६० रुपये होते. हे झाले पुस्तकी मूल्य. प्रत्यक्षात यंत्र पाच-सहा वर्षे चालले, तर पुढील प्रत्येक वर्ष ही ग्राहकाची निव्वळ बचत असते. आणि ते चालणार की नाही, हे बॅटरी बदलता येते का, मेमरी वाढविता येते का, आतील धूळ काढता येते का, यांवर ठरते.

म्हणून कर्जाऊ खरेदी करणाऱ्याने एक नियम पाळावा : हप्ते संपण्यापूर्वी यंत्र संपता कामा नये. वॉरंटीची मुदत आणि परतफेडीची मुदत शेजारी-शेजारी मांडून पाहाव्यात. वॉरंटी एक वर्षाची आणि हप्ते तीन वर्षांचे असतील, तर वाढीव वॉरंटीचा खर्च किंवा नव्या बॅटरीची तरतूद आधीच हिशेबात धरावी. व्यवसायासाठी खरेदी असेल, तर पावती व्यवसायाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावी, म्हणजे नियमानुसार भरलेल्या कराची वजावट मिळू शकेल.

निवड करताना

दुकानात जाण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत :

१. यंत्र दररोज सोबत न्यावयाचे आहे की बहुतेक वेळ एकाच टेबलावर राहणार आहे? वजनाची तुलना करताना चार्जरचेही वजन धरावे.

२. ज्या खोलीत काम होते, तेथील उन्हाळ्यातील दुपारचे तापमान किती? माहितीपत्रकातील मर्यादेशी ते ताडून पाहावे.

३. काम हलके आहे की तासन् तास चालणारे जड? जड असेल तर चांगली वायुवीजन-व्यवस्था असलेले किंचित जाड यंत्रच हिताचे.

४. मेमरी, साठवण आणि बॅटरी यांपैकी पुढे काय बदलता येईल? मेमरी कायमची जडविलेली असेल तर सुरुवातीसच जास्त घ्यावी.

५. रोजच्या वापरातील कोणकोणती उपकरणे जोडावी लागतात? तेवढ्या जोडण्या यंत्रात आहेत का?

६. बॅटरी किती वॉट-तासांची आहे? जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे?

खरेदीनंतरची काळजीही तितकीच महत्त्वाची. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. तळाच्या जाळ्या बुजतात. टेबलावर मागची बाजू किंचित उचलून ठेवावी. काम संपल्यावर झाकण मिटून कापडी आच्छादन घालावे. धुळीच्या परिसरात वर्षातून किमान एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीस, जाणकाराकडून आतील स्वच्छता करवून घ्यावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्र कधीही ठेवू नये.

आता पुन्हा त्या कुटुंबाकडे वळू. या प्रश्नांची उत्तरे लिहिली, तर त्यांच्या यादीची अदलाबदल झालेली दिसेल. मुलीला दररोज बसने महाविद्यालयात जावयाचे आहे. वही-पुस्तकांबरोबर अडीच किलोचे यंत्र आणि जड चार्जर खांद्यावर वाहण्यापेक्षा सव्वा-दीड किलोचा सडपातळ लॅपटॉप तिला रोजच्या रोज सुख देईल. पहिल्या वर्षांतील अभ्यासाला तो पुरेसा आहे आणि जड आराखड्यांसाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा असते. तिच्यासाठी पातळपणा ही खरी गरज आहे आणि त्याची किंमत मोजणे योग्यच आहे. मेमरी मात्र सुरुवातीसच १६ जीबी घ्यावी.

वडिलांचे यंत्र टेबलावरून फारसे हलणार नाही. त्यांना हवा आकड्यांचा गट, यूएसबीच्या दोन-तीन जोडण्या, नेटवर्कच्या तारेची सोय आणि चार स्क्रू काढून साफ करता येईल असा तळ. त्यांच्यासाठी १५-१६ इंची, थोडे जाड, दिसायला साधे यंत्रच अधिक लाभाचे. त्यात उरलेल्या पैशांत वाढीव वॉरंटी आणि वर्षाची स्वच्छता, दोन्ही बसतील.

दुकानातील थंड हवेत सर्वच यंत्रे सारखी वेगवान आणि सारखीच देखणी दिसतात. सिलतऱ्याची दुपार त्यांच्यातील फरक दाखवून देते. त्या दुपारचा विचार आधीच करून जो ग्राहक खरेदीस जातो, त्याचा पैसा कारणी लागतो.